ग्रीन हायड्रोजनमध्ये नोकरी करायचीय? मग आधी पर्जिंग समजून घ्या

मागच्या दिवाळीत भाचा घरी आला होता, आयटीआय इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक नुकताच पास झालेला. फराळ करता करता म्हणाला, मामा, ग्रीन हायड्रोजनचा एक कोर्स आहे, दोन महिने ऑनलाइन, चाळीस हजार फी आणि नंतर शंभर टक्के प्लेसमेंट, करू का? मी म्हटलं चाळीस हजार आधी खिशात ठेव आणि चकली खा, मग बोलू. तेव्हा जे बोललो तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रश्न मला आता महिन्यातून दोन-तीन जण तरी विचारतात. आणि वर म्हटलेलं पर्जिंग म्हणजे लाइन किंवा टाकीतला आधीचा गॅस दुसऱ्या गॅसने बाहेर काढणं, ते पायरी ४ ला येईल.

माझ्याबद्दल थोडक्यात. विदर्भातल्या एका थर्मल पॉवर स्टेशनला इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये बरीच वर्षं काढली आणि आता एका छोट्या इलेक्ट्रोलायझर प्लांटवर आहे, म्हणजे पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढायचं मशीन असतं तिथे. सायंटिस्ट वगैरे नाही, पान्हा आणि मल्टीमीटरवाला माणूस आहे, त्यामुळे हे सगळं फ्लोअरवरून दिसतं तसं आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका

लोकांना वाटतं हायड्रोजन म्हणजे काहीतरी आत्ता शोधलेलं, रॉकेटवालं. अहो, चंद्रपूर, परळी, भुसावळ, नाशिकचं एकलहरे, इथल्या मोठ्या सेटचे जनरेटर कितीतरी वर्षं हायड्रोजननेच थंड होतायत. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका, म्हणून रोटर फिरताना घासाघीस कमी, आणि उष्णता वाहून नेतो हवेच्या सातेक पट, म्हणून जनरेटरच्या पोटात तीन-साडेतीन किलो प्रेशरने हायड्रोजन भरलेला असतो. माझा पहिला हायड्रोजन तोच. काही स्टेशनांमध्ये पाण्यात वीज सोडून हायड्रोजन बनवायचा स्वतःचा छोटा प्लांटसुद्धा असतो.

पंजाबात नांगलला तर १९६१ च्या सुमारास भाक्रा धरणाच्या विजेवर इलेक्ट्रोलायझर चालवून खत बनवत होते. धरणाची वीज, पाणी, त्यातून हायड्रोजन, त्याचा अमोनिया. आज ज्याला ग्रीन हायड्रोजन म्हणतात ते हेच की, फक्त तेव्हा कोणी ग्रीन म्हणत नव्हतं. थळ आणि ट्रॉम्बेचे खत कारखाने, माहुलच्या रिफायनऱ्या, तळोज्याचा अमोनिया, सगळीकडे हायड्रोजन रोज हाताळतात, फरक एवढाच की तो नैसर्गिक गॅसपासून वगैरे बनतो आणि सोबत कार्बन डायऑक्साइड निघतो.

मी हे का सांगतोय, तर या धंद्यात शिरायचा रस्तासुद्धा जुनाच आहे. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, केमिकल प्लांट ऑपरेटर. ग्रीन हायड्रोजन एक्सपर्ट नावाची पोस्ट मी तरी अजून कुठल्या मस्टरवर बघितलेली नाही.

पायरी १: धंदा किती आहे ते बघून घ्या

केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ ला नॅशनल ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं, १९,७४४ कोटींचं. टार्गेट असं की २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन ग्रीन हायड्रोजन आणि सहा लाखांवर रोजगार. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारनेही स्वतःची पॉलिसी आणली, ८,५६२ कोटींची. आकडे मोठे आहेत, पण पोटापाण्याचा हिशोब टार्गेटवर करू नका, चालू झालेल्या प्लांटवर करा. ऑइल इंडियाचा आसामात जोरहाटला एप्रिल २०२२ मध्ये चालू झालेला प्लांट दिवसाला १० किलोचा. गेलचा मध्य प्रदेशात विजयपूरला १० मेगावॅटचा, दिवसाला ४.३ टन. सुरतजवळ कवासला एनटीपीसीने जानेवारी २०२३ पासून टाऊनशिपच्या पाइप गॅसमध्ये हायड्रोजन मिसळायला सुरुवात केली, म्हणजे तिथे लोकांचा चहा थोडासा हायड्रोजनवर होतो.

एक गणित पाठ करून ठेवा, इंटरव्ह्यूला कामी येतं. एक किलो हायड्रोजनला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. म्हणजे एक मेगावॅटचा इलेक्ट्रोलायझर तासाला १८-२० किलो देतो. पाणी नुसत्या केमिस्ट्रीने ९ लिटर, पण आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी आणि कूलिंग धरलं तर बरंच जास्त. आणि किलोमागे ८ किलो ऑक्सिजन फुकट निघतो, तो बहुतेक ठिकाणी हवेत सोडतात. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, सगळा खर्च विजेचा आहे, म्हणून प्लांट सोलर आणि वाऱ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे वर-खाली होतो आणि शिफ्टमध्ये झोप मिळणार नाही. दुसरी, एकदा बांधून झालेला प्लांट चालवायला माणसं फार लागत नाहीत, खरी भरती बांधकाम, कमिशनिंग (प्लांट पहिल्यांदा चालू करणं) आणि मेंटेनन्सच्या कंत्राटात असते. हे कोणी सांगत नाही. म्हणजे पहिली दोन-चार वर्षं सूटकेस भरलेलीच ठेवायची तयारी हवी.

पायरी २: एक ट्रेड पक्का करा, हायड्रोजन नंतर

आयटीआयवाल्यांनी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर किंवा एओसीपी (केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड), यातलं एक धरायचं. मी इन्स्ट्रुमेंटचा म्हणून बाजू घेतोय असं म्हणाल, पण खरंच या प्लांटमध्ये पाइपापेक्षा ट्रान्समीटर (मोजून कंट्रोल रूमला आकडा पाठवणारी साधनं) जास्त असतात, प्रेशर, लेव्हल, गॅस ॲनालायझर, डिटेक्टर, आणि प्रत्येक ट्रिप-इंटरलॉक, म्हणजे धोका दिसला की मशीन आपोआप बंद करणारी व्यवस्था, कोणीतरी दर ठराविक दिवसांनी टेस्ट करायचा असतो. मुलींनाही माझं हेच सांगणं आहे, ॲनालायझर आणि कंट्रोल रूमचं काम बारकाईचं आहे, आमच्याकडे सगळ्यात भरवशाचं कॅलिब्रेशन एका मुलीचंच असतं.

वेल्डरला इथे मान आहे पण तो स्टेनलेस स्टील ट्यूबच्या टिग वेल्डिंगला. साधी गेट-ग्रील वेल्डिंग चालणार नाही, प्रत्येक जॉइंटचा एक्स-रे निघतो. फिटरने ट्यूब फिटिंग शिकावं. वाचायला सोपं वाटतं, हाताने घट्ट करून मग सव्वा फेरा, एवढंच, पण दोन कंपन्यांचे फेरूल (फिटिंगमधल्या ट्यूब पकडणाऱ्या कड्या) एकमेकांत मिसळणारे आणि "अजून थोडं आवळतो" म्हणणारे मी इतके बघितलेत की विचारू नका. प्रेशरमध्ये असलेली फिटिंग आवळायची नाही. लीक दिसला तरी नाही. आधी प्रेशर सोडा.

नॉर्वेत ऑस्लोजवळ सँडविकाला १० जून २०१९ ला हायड्रोजन भरायच्या स्टेशनात स्फोट झाला होता. तपासात काय निघालं, तर हाय प्रेशर टाकीच्या प्लगचे बोल्ट असेंब्लीच्या वेळी नीट आवळलेले नव्हते. तिथून हायड्रोजन निसटला आणि पेटला. टेक्नॉलॉजी जगात एक नंबर आणि चूक टॉर्क रेंचची. फिटरच्या हातात काय असतं ते यावरून समजून जा.

डिप्लोमा-डिग्रीवाल्यांनी केमिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल काहीही असलं तरी चालतं. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स चांगलं असेल तर रेक्टिफायरच्या (एसी विजेची डीसी करणाऱ्या मशीनच्या) कामाला माणसं शोधत असतात. रिसर्चची आवड असेल तर पुण्याकडे बघा, एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेत फ्युएल सेलवर (हायड्रोजनपासून वीज बनवणारं साधन) बरीच वर्षं काम चाललंय, केपीआयटी कंपनीबरोबर केलेली हायड्रोजन बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच दाखवली होती.

पायरी ३: गॅसची ओळख करून घ्या, घरच्या सिलिंडरशी तुलना करून

घरचा एलपीजी लीक झाला तर वास येतो, जड असतो म्हणून जमिनीलगत साचतो, पेटला तर निळी-पिवळी ज्योत दिसते. हायड्रोजनचं सगळं उलटं. वास नाही, रंग नाही. एलपीजीत घालतात तसा वास मिसळावा म्हटलं तर त्यातल्या गंधकाने फ्युएल सेल खराब होतात. गॅस सरळ वर जातो आणि छताच्या कोपऱ्यात, बीमच्या मागे, फॉल्स सीलिंगमध्ये साचतो, म्हणून डिटेक्टर वर लावलेले असतात. आमच्याकडे एका कंत्राटदाराने पावसाचं पाणी गळतं म्हणून रिज व्हेंटिलेटर, म्हणजे छताच्या माथ्यावरची हवेची फट, पत्र्याने बंद करून टाकला होता, म्हणजे गॅसला बाहेर जायचा जो रस्ता होता तोच बंद. सुपरवायझरने वर बघितलं म्हणून कळलं. तुम्हीही शेडमध्ये शिरलात की आधी वर बघायची सवय लावा.

हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असला की तो पेटू शकतो. एलपीजीची रेंज साधारण २ ते साडेनऊ टक्के. आणि पेटवायला किती लागतं, तर ०.०२ मिलीज्यूल, घरगुती पाइप गॅसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. नायलॉनचा शर्ट काढताना जो चट् आवाज येतो ना, तेवढी ठिणगी पुष्कळ झाली. म्हणून कॉटनचे कपडे, अँटीस्टॅटिक बूट, सगळ्या पाइपांना अर्थिंग आणि मोबाइल गेटवर. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्याची हवा कोरडी असते तेव्हा स्टॅटिक जास्त, हे मी स्वतः झटके खाऊन सांगतोय.

सगळ्यात वाईट म्हणजे ज्योत दिसत नाही. दिवसा उजेडात तर अजिबात नाही, आणि लांबून धगही फार लागत नाही, म्हणून माणूस चालत चालत थेट ज्योतीत जाऊ शकतो. जुने लोक लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालायचे, झाडूची टोकं पेटली की समजायचं ज्योत इथे आहे. हसू नका, रॉकेटवाल्यांनीही हेच केलेलं आहे. आता थर्मल कॅमेरा आणि यूव्ही फ्लेम डिटेक्टर असतात, तरी लीकच्या आवाजाकडे सरळ चालत जायचं नाही, शिट्टीसारखा आवाज आला की मागे फिरायचं.

आग लागली तर फायर एक्स्टिंग्विशर घेऊन धावायचं नाही, हे नवीन माणसाला पटतच नाही. आधी गॅस बंद करायचा. ज्योत विझवली आणि गॅस येतच राहिला तर तो साचेल आणि मग नुसतं जळण्याऐवजी उडेल. तोवर आजूबाजूची भांडी पाण्याने थंड ठेवायची, आणि तेही तुमचं काम नाही, फायर टीमचं. तुमचं काम इमर्जन्सी बटण दाबणं आणि असेंब्ली पॉइंटला जाऊन हजेरी देणं.

चांगली बाजूही सांगतो, नाहीतर घरचे घाबरतील. उघड्यावर लीक झालेला हायड्रोजन झपाट्याने वर निघून जातो, एलपीजीसारखा गटारातून शेजारच्या चुलीपर्यंत सरपटत जात नाही. म्हणून हे प्लांट जमेल तितके उघडे बांधतात. बंद जागा हाच शत्रू.

अजून एक, स्टीलबद्दल. हायड्रोजनचा अणू इतका बारीक की धातूत शिरतो आणि कडक स्टील ठिसूळ करतो. म्हणून स्टोअरमध्ये बोल्ट संपले म्हणून बाजारातून जास्त ताकदीचे हाय टेन्साइल आणून लावायचे नाहीत, इथे जास्त ताकदीचं म्हणजे जास्त चांगलं असं नसतं. ड्रॉइंगवर जे मटेरियल लिहिलंय तेच.

पायरी ४: पर्जिंग

हे एकच शिकलात तरी निम्मं काम झालं, म्हणून इथे जरा थांबतो.

थर्मलला मी नवा होतो तेव्हा जनरेटरमध्ये हायड्रोजन भरायचा होता. मला वाटलं व्हॉल्व उघडायचा आणि भरायचा. आमचे शिफ्ट इंचार्ज, ज्यांना सगळे काका म्हणायचे, त्यांनी विचारलं आत आत्ता काय आहे? मी म्हटलं काही नाही, रिकामा आहे. ते म्हणाले, रिकामा कधीच नसतो, हवा आहे. हवेवर हायड्रोजन सोडलास तर मधे कधीतरी चार टक्के होणार, मग चाळीस, मग सत्तर, म्हणजे तो पूर्ण वेळ तू बॉम्बशेजारी उभा. म्हणून आधी कार्बन डायऑक्साइड भरून हवा बाहेर काढायची, मग हायड्रोजन भरून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा. शटडाऊनला उलट. हवा आणि हायड्रोजन यांची कधी भेट होऊ द्यायची नाही, मधे तिसरा हवाच. सासू-सुनेच्या भांडणात जाऊबाई बसवतात तसं, असं काका म्हणायचे.

इलेक्ट्रोलायझर प्लांटमध्ये तो तिसरा म्हणजे नायट्रोजन. नवीन लाइन चालू करताना, फिल्टर बदलताना, कॉम्प्रेसर उघडताना, प्रत्येक वेळी हाच खेळ. क्रम असा असतो. लाइन दोन्ही बाजूंनी बंद करून कुलूप लावायचं आणि आपल्या नावाचा टॅग, किल्ली आपल्याच खिशात. जिथे माणूस आत हात घालणार तिथे नुसत्या व्हॉल्ववर विश्वास ठेवायचा नाही, ब्लाइंड, म्हणजे पाइपाचं तोंड बंद करणारी चकती, टाकायचा, कारण हायड्रोजनला व्हॉल्वची सीट म्हणजे चाळणीच. मग प्रेशर व्हेंट स्टॅकमधून, म्हणजे गॅस वर हवेत सोडायच्या उंच पाइपातून, सोडायचं, सावकाश. मग नायट्रोजन भरायचा, सोडायचा, भरायचा, सोडायचा. आणि मग मोजायचं. तीन वेळा भरलं-सोडलं म्हणजे झालं असं नाही, मीटरवर दिसलं म्हणजे झालं. डेड एंड, ड्रेन पॉकेट, गेजकडे जाणारी इम्पल्स लाइन, असल्या कोपऱ्यात गॅस लपून बसतो. चालू करताना हेच उलट, आधी नायट्रोजनने ऑक्सिजन घालवायचा, तो मोजायचा, मग हायड्रोजन.

मीटरबद्दल दोन गोष्टी ज्या कोर्समध्ये सांगत नाहीत. साधा कॅटॅलिटिक सेन्सर म्हणजे आत गॅस जाळून मोजणारा, त्याला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरलेल्या लाइनच्या तोंडाला तो धरलात तर आत हायड्रोजन असूनही शून्य दाखवू शकतो. मी एका चांगल्या शिकलेल्या इंजिनियरला शून्य वाचून परमिटवर (काम सुरू करायच्या लेखी परवानगीवर) सही करायला निघालेलं बघितलंय. दुसरी गोष्ट, सिलिकॉन स्प्रे, सिलिकॉन सीलंट, काही हँड क्रीम, यांच्या वाफेने तो सेन्सर मरतो आणि मेल्यावरही निवांत शून्यच दाखवतो. म्हणून शिफ्टच्या सुरुवातीला बम्प टेस्ट, म्हणजे थोडा टेस्ट गॅस देऊन मीटर ओरडतो का बघायचं. आणि पेट्रोलियमच्या प्लांटवरून आलेल्या भावांनो, इन्फ्रारेड डिटेक्टरला हायड्रोजन दिसतच नाही, ते मीटर इथे आणू नका. मीटरवर जे एलईएल (गॅस पेटायला लागणारं किमान प्रमाण) टक्के येतात त्यातले शंभर म्हणजे हवेत ४ टक्के, त्यामुळे मीटर २५ दाखवतोय म्हणजे हवेत १ टक्का आहे, आणि तेवढ्यालाच बाहेर निघायचं असतं.

आता पर्जिंगचाच मोठा भाऊ, तो म्हणजे चालू स्टॅकमध्ये (इलेक्ट्रोलायझरचा गाभा, जिथे गॅस बनतो) गॅस मिसळणं. इलेक्ट्रोलायझरमध्ये एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन बनतो, मधे पातळ पडदा. फुल लोडवर दोन्ही शुद्ध निघतात. लोड कमी केला की गॅस कमी बनतो पण पडद्यातून झिरपणं तेवढंच राहतं, म्हणून टक्केवारी वाढते. अल्कलाइन मशीन (क्षाराच्या पाण्यावर चालणारा इलेक्ट्रोलायझर) साधारण २०-३० टक्के लोडखाली चालवत नाहीत ते यासाठीच. आणि सोलरवर तर ढग आला की लोड खाली.

कोरियात गंगनुंगला २३ मे २०१९ ला हेच झालं. सोलरवर चालणाऱ्या प्रयोगात हायड्रोजनच्या टाकीत ऑक्सिजन शिरला, प्रमाण स्फोटाच्या हद्दीत गेलं, आणि टाक्या फुटल्या. दोन जण गेले, सहा जखमी. ऑक्सिजन काढून टाकणारं आणि मोजणारं साधन वेळेवर नीट असतं तर टाकी भरायच्या आधीच मशीन बंद झालं असतं. म्हणून मी नवीन पोरांना सांगतो, या प्लांटमधला सगळ्यात महत्त्वाचा डबा म्हणजे तो भिंतीवरचा ॲनालायझर. तो ट्रिप देतोय आणि वरून फोन येतो की प्रॉडक्शन अडकलंय, तात्पुरता बायपास कर, तर लेखी माग. लेखी म्हटलं की दहातले नऊ फोन बंद होतात. दहावा आला तर शिफ्ट लॉगला वेळ टाकून लिहायचं आणि सेफ्टी ऑफिसरला कळवायचं, जंपर (ट्रिप चुकवणारी वायर) लावायचा नाही.

पायरी ५: हायड्रोजन सोडून बाकीचे

गंमत अशी की इथे माणसाला इजा होते ती बऱ्याचदा दुसऱ्याच कशानेतरी.

नायट्रोजन. वर ज्याचं एवढं कौतुक केलं तोच. वास नाही, गुदमरल्यासारखं वाटत नाही, दोन श्वासात माणूस खाली. आणि त्याला काढायला आत गेलेला दुसराही खाली. टाकीत, पिटमध्ये, ॲनालायझरच्या बंद केबिनमध्ये जाण्याआधी ऑक्सिजन मोजा, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही, मित्र आत पडलेला दिसला तरी बीए सेटशिवाय (पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा मास्क) नाही. हे लिहिताना सोपं आहे, करताना जीव जातो, म्हणून आधीच मनाशी ठरवून ठेवा.

ऑक्सिजन. त्याच्या लाइनवर तेल-ग्रीस लागलेला पान्हा नको. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ग्रीस स्वतःहून पेट घेऊ शकतं. ऑक्सिजनच्या व्हेंटजवळ उभं राहिलात तर तो कपड्यांत मुरतो, नंतर बिडी पेटवायला गेलात की शर्टच पेटेल.

केओएच. अल्कलाइन मशीनमध्ये २५-३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, ७०-८० डिग्री गरम. हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं, म्हणजे तुमची कातडी विरघळायला लागलीय. डोळ्यात गेलं तर पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, मग दवाखाना. आधी दवाखान्याकडे पळायचं नाही. फेस शील्ड आतल्या गॉगलसकट घाला, नुसता चष्मा पुरत नाही.

डीसी करंट. स्टॅकला हजारो अँपिअर जातात आणि ब्रेकर पाडला तरी काही वेळ तो बॅटरीसारखा व्होल्टेज धरून असतो. मीटर लावून खात्री केल्याशिवाय बसबारला हात नाही. हातातली अंगठी, कडं, गळ्यातली चेन घरी.

आणि अमोनिया. ग्रीन हायड्रोजनचा मोठा भाग बोटीने बाहेर पाठवायचा तर अमोनिया बनवून जाणार, त्यामुळे बंदरांजवळच्या नोकऱ्या अमोनियाच्या असतील. कांडला, पारादीप, तुतिकोरीन ही बंदरं सरकारने हायड्रोजन हबसाठी निवडलेली आहेत, आंध्रात काकीनाड्याला आणि विशाखापट्टणमजवळही मोठी कामं आहेत. अमोनिया निदान वासाने सांगतो. लीक झाला की विंडसॉककडे (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) बघा आणि वाऱ्याला आडवं पळा, वाऱ्याच्या दिशेने पळालात तर ढग तुमच्याबरोबरच येतो. ओला रुमाल नाका-तोंडावर, कारण अमोनिया पाण्यात विरघळतो.

पायरी ६: कागदपत्रं, कोर्स, अप्रेंटिसशिप

क्रम माझ्या मते असा. आधी अप्रेंटिसशिप, तीही जमलं तर खत कारखाना, रिफायनरी, थर्मल, क्लोर-अल्कली (मिठाच्या पाण्यातून कॉस्टिक आणि क्लोरीन बनवणारा कारखाना) किंवा इंडस्ट्रियल गॅसच्या प्लांटमध्ये. आयटीआयवाल्यांनी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नाव टाकायचं, डिप्लोमा-डिग्रीवाल्यांनी नॅट्स या सरकारी पोर्टलवर. क्लोर-अल्कलीकडे कोणी बघत नाही पण तिथे इलेक्ट्रोलिसिस, कॉस्टिक, डीसी आणि हायड्रोजन हे चारही एका जागी शिकायला मिळतात, क्लोरीन मिळतो तो वर बोनस.

मग कोर्स. स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्सने ग्रीन हायड्रोजनचे जॉब रोल बनवलेत. कुठल्याही इन्स्टिट्यूटचा कोर्स घेताना तो एनसीव्हीईटीच्या (कौशल्य कोर्सना मान्यता देणारी केंद्राची संस्था) यादीतला आहे का हे विचारा, क्वालिफिकेशनचा कोड मागा, आणि प्रॅक्टिकल कुठल्या प्लांटवर होणार ते विचारा. भाच्याच्या त्या चाळीस हजारवाल्यांना त्याने हे तिन्ही विचारलं, परत फोन आला नाही.

सेफ्टीत जायचं असेल तर एमएसबीटीईचा (राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ) वर्षाचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी किंवा मुंबईत सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटचा डिप्लोमा. पण आधी दोन-तीन वर्षं फ्लोअरवर काढा. ज्याने कधी फ्लेंज उघडला नाही त्याने सही केलेलं परमिट पोरं वाचतसुद्धा नाहीत, हे कडू आहे पण खरं आहे. कायद्याच्या बाजूने पेसो (केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संस्था) हे नाव माहीत हवं, सिलिंडर आणि प्रेशर व्हेसलची परवानगी तेच देतात, आणि त्यांचं हेडक्वार्टर आपल्या नागपुरात आहे. गॅस सिलिंडर रूल्स २०१६ आणि स्टॅटिक अँड मोबाइल प्रेशर व्हेसल्स रूल्स २०१६ नुसते चाळून गेलात तरी इंटरव्ह्यूत चार माणसांच्या पुढे असाल.

नोकरीसाठी कोणालाही पैसे द्यायचे नाहीत. मेडिकलचे, गेट पासचे, युनिफॉर्मचे, कशाचेच नाही. सौदी-ओमानला मोठे प्रकल्प आहेत आणि त्या नावाने एजंट फिरतायत, तिकडे जायचं असेल तर एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर रजिस्टर्ड आहे का ते बघून मगच पासपोर्टची कॉपी द्या.

इंटरव्ह्यूत तुम्हीही प्रश्न विचारा. कंत्राटी कामगाराला गॅस डिटेक्टर कंपनी देते का? फायर रिटार्डंट कपडे किती जोड? शेवटचं मॉक ड्रिल कधी झालं? जो एचआर यावर हसतो तिथे जाताना दोनदा विचार करा. आणि पीएफ-ईएसआयसी पहिल्या महिन्यापासून कापतात का, हे जॉइन व्हायच्या आधी.

पायरी ७: पहिला आठवडा

इंडक्शनला झोपू नका, मी झोपलो होतो. पहिल्या दिवशी स्वतः फिरून बघा की इमर्जन्सी स्टॉपची बटणं कुठे आहेत, असेंब्ली पॉइंट कुठे, विंडसॉक कुठून दिसतो आणि व्हेंट स्टॅक कुठे उघडतो. आयवॉश नुसता बघू नका, पायाने दाबून चालवा, एका साइटवर मी दाबला तेव्हा आधी दोन मिनिटं गंजाचं लाल पाणी आलं आणि उन्हात तापलेलं होतं ते वेगळंच. लगेच नोंदवलं, दुसऱ्या दिवशी लाइन फ्लश झाली आणि वर शेड बसली.

परमिट वाचल्याशिवाय सही नाही, मराठीत समजावून मागा, लाज कसली. टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाआधीच्या छोट्या सेफ्टी मीटिंगमध्ये) एक तरी प्रश्न विचारा, पहिले दोन दिवस लोक हसतील. खिशात एक छोटी वही ठेवा आणि प्रत्येक लाइन कुठून कुठे जाते ते स्वतःच्या हाताने काढा. ड्रॉइंग कंट्रोल रूममध्ये असतंच, पण हाताने काढलेलं डोक्यात राहतं.

भाचा आता तळोज्याला अप्रेंटिस आहे. परवा रात्री शिफ्ट संपल्यावर त्याचा फोन आला, मामा, आज लाइन रिकामी आहे म्हणून एक जण उघडत होता, मी विचारलं रिकामी म्हणजे आत काय आहे. मी म्हटलं मग? म्हणाला, मीटर आणला, आणि अजून तासभर नायट्रोजन मारावा लागला.